गाडी कोणी थांबवली

२ एप्रिल

पोचले एकदाची. माझीच गाडी उशिरा आली, म्हणजे शकुनच झाला म्हणायचा, कारण उद्यापासून माझं पोट उशिरावरच चालणार आहे. खोली वरच्या मजल्यावरची आहे आणि मला भलतीच आवडली. एका खिडकीतून स्टेशनचं पत्र्याचं छप्पर दिसतं, दुसरीतून खाली अंगणात वाळत घातलेलं धुणं. पलंगावर धुतलेली चादर, टेबलावर भरलेला पाण्याचा जग, भिंतीवर आधीच्या भाडेकरूने ठोकलेले आणि काढायचे राहून गेलेले खिळे. घरमालकीण आमच्याच ऑफिसात कामाला आहेत. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना काकू म्हणतात, तेव्हा मीही जिना चढता चढता काकूच म्हणायला लागले. माझी जड बॅग त्यांनी हट्टाने स्वतः उचलली आणि वर आल्यावर धापा टाकत विचारलं की आत दगड भरलेत का.

जेवताना त्यांनी मला काम समजावलं. गाडी उशिरा धावली की कंट्रोल ऑफिसात तिच्यापुढे कारण लिहावं लागतं. इंजिन बंद पडलं, सिग्नल गेला, धुकं होतं, उन्हाने रूळ वाकला, फाटकात ट्रक अडकला, गुरं आडवी आली, कोणी साखळी ओढली, समोरच्या गाडीसाठी थांबली. काहीही लिहा, पण कोरं सोडायचं नाही.

"प्रत्येक उशिराला बाप दाखवावा लागतो," काकू म्हणाल्या, "आणि तो शक्यतो आपल्या घरातला नसावा."

मी इतकी हसले की ठसका लागला. त्यांनी माझी पाठ थोपटली. मग म्हणाल्या, या आडबाजूच्या गावी लोक शिक्षा म्हणून येतात, तू बदली मागून कशी घेतलीस? मी म्हटलं, हवापालट.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी तीन माणसांसाठी आले आहे. त्यांतल्या एकीच्या हातचं जेवून आत्ताच वर आले. जेवण फार चवदार होतं.

४ एप्रिल

ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली. जाड पडदे, घरघरणारे पंखे, आणि भिंतभर पसरलेला फलक. फलकावर रुळांच्या रेघा आणि प्रत्येक गाडीचा एकेक दिवा. त्याच्यासमोर सेक्शन कंट्रोलर बसतो. कुठली गाडी सोडायची, कुठली थोपवायची हे तो नुसतं बोलतो आणि कोसांवर ते घडतं. हा उंच आणि काटकुळा आहे, सगळे त्याला लंबू म्हणतात. त्याला स्वतःचं मत नाही. वरून आलेलं खाली सोडतो. माझं टेबल त्याच्या पाठीशी.

सगळ्यांच्या वर मुख्य नियंत्रक. पाठीमागे त्याचं नाव घड्याळ. एक्स्प्रेस वेळेवर गेलीच पाहिजे, बाकी जग बुडालं तरी चालेल. वक्तशीरपणाबद्दल मिळालेली ढाल त्याने टेबलावर मांडली आहे आणि सकाळी आल्या आल्या तो ती रुमालाने पुसतो. मागून एक्स्प्रेस येत असली की पॅसेंजरला बाजूच्या लाइनीवर घ्यायचं आणि एक्स्प्रेसला पुढे काढायचं. दिवसभर त्याच्या तोंडी दोनच शब्द. आधी एक्स्प्रेस. पॅसेंजरमधल्या माणसांचं काय, ती थांबायलाच जन्माला आली आहेत.

फलकावर ती जागा मला लगेच सापडली. दोन टेकड्यांमधली खोल खिंड, कधीच बंद पडलेलं एक छोटं स्टेशन आणि तिथली बाजूची लाइन. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी ताईची गाडी इथे उभी केली. दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि भाऊजी तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेत होते. भाऊजी गार्डकडे धावले. गार्डने खांबावरच्या फोनवरून कंट्रोलला कळवलं. घड्याळ म्हणाला, आधी एक्स्प्रेस. एक्स्प्रेस गेली तरी सोडेनात, कारण मागे आणखी एक जलद गाडी होती. भाऊजी पुन्हा गेले तर गार्डने आपल्या डब्याचं दार आतून लावून घेतलं. भाऊजींनी साखळी ओढली. उभ्या गाडीची साखळी ओढून काय होणार, पण ओढत राहिले, कोणीतरी यावं म्हणून. गाडीतलं पाणी संपलं होतं. ताई एकच विचारत राहिली, गाडी का थांबलीय? बाळ गेलं आणि मागोमाग ताई गेली.

मग त्या उशिराला बाप हवा होता. लिहिलं गेलं, प्रवाशाने साखळी ओढल्यामुळे. भाऊजींवर खटला भरला. भाऊजी आता कोणाशी बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसतात.

ते कारण लिहिलं काकूंनी.

ताईचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे मला इथे कोणी ओळखत नाही. गार्ड, घड्याळ, काकू. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. घाई नाही. थांबायचं कसं हे आमच्या घराला चांगलं शिकवलंय यांनी.

९ एप्रिल

माझ्या टेबलावर एक जुना काळा फोन आहे. खिंडीत मोबाइल लागत नाही, म्हणून तिथे उभ्या राहिलेल्या गाडीचा गार्ड खांबावरच्या फोनवरून कारण कळवतो, ते याच्यावर येतं. त्या खांबावरच्या पेटीला कुलूप असतं. प्रवाशाला हात लावता येत नाही.

आज जेवणानंतर सगळे पेंगले होते. पॅसेंजर खिंडीत बाजूला उभी होती. काळा फोन वाजला. मी पेन घेऊन म्हटलं, हं, बोला, कारण काय?

"गाडी का थांबलीय?"

बाईचा आवाज. कुलपाचं सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. वाक्य संपताना आवाज किंचित वर न्यायची ती लकब. मी लहानपणी तिला त्यावरून चिडवायचे, ती माझ्या वेण्या ओढायची.

मला ताई म्हणता आलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

"कोणी थांबवली?"

त्या गाडीवर आज गार्ड तोच होता. मी सकाळीच पाहिलं होतं. फोनवर हात आडवा धरला आणि हळूच सांगितलं, गार्डने.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. नुसती धग आली, भट्टीचं दार उघडावं तशी. कान अजून लाल आहे.

१० एप्रिल

गार्ड मेला. गाडी सुटेना म्हणून ड्रायव्हर मागे पाहायला गेला, तर गार्डच्या डब्याचं दार आतून बंद. तोडून काढलं. आत खुर्चीत बसलेला, ओठ फाटून काळे पडलेले, कातडी वाळलेल्या चामड्यासारखी. जणू सबंध उन्हाळा त्याला तिथेच ठेवला होता. पायाशी पाण्याची कॅन होती, भरलेली.

उष्माघात म्हणतात. कारण लिहायचं माझ्याकडे आलं. लिहिलं, गार्डची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे. अक्षर सुरेख आलं.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, बरा माणूस नव्हता, पण असं मरण वैऱ्यालाही येऊ नये. मी मान हलवली. मला कडकडून भूक लागली होती. दोनदा वाढून घेतलं.

१४ एप्रिल

घरी फोन केला. आईला म्हटलं, भाऊजींच्या कानाला लाव. त्यांना सगळं सांगितलं. ताईचा आवाज, गार्डचं मरण, सगळं. मग इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा ते बोलले.

"तिला म्हणावं, घरी ये."

आई पलीकडे रडायला लागली. मी फोन ठेवला.

नाही सांगणार. अजून दोघं राहिलेत. तिला शांत करून पाठवून दिलं तर घड्याळ रोज सकाळी ढाल पुसत राहील. भाऊजींना वाटतं ती दमली असेल. मला नाही तसं वाटत. आणि मी तर मुळीच दमलेली नाही.

१९ एप्रिल

दैव देतं तेव्हा असं देतं. गार्डच्या मृत्यूची चौकशी जागेवर जाऊन करायचा हुकूम वरून आलाय आणि जायचंय घड्याळाला. खिंडीपर्यंत रस्ता नाही. एक्स्प्रेस तिथे थांबत नाही. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तो पॅसेंजरने जाणार! पॅसेंजर त्याला उतरवण्यापुरती टेकेल आणि पुढे जाईल, असं ठरलंय.

पण नुसतं टेकून भागायचं नाही. गाडी अडकून पडली की ताई येते. तेव्हा अडकवायला हवी.

काकूंनी आज माझ्या कुर्त्याचं तुटलेलं बटण लावून दिलं. म्हणाल्या, मुलगी असती तर तुझ्याएवढी असती. मी सुई-दोऱ्याकडे बघत राहिले. त्यांची पाळी शेवटी.

२१ एप्रिल

केलं.

पॅसेंजर खिंडीजवळ पोचली तशी मी लंबूच्या मागे जाऊन उभी राहिले. सांगितलं की साहेब निघताना बजावून गेलेत, पॅसेंजर बाजूला घ्या, आधी एक्स्प्रेस. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. या हुकमाला इथे कोणी मान वळवत नाही. दिवा बाजूला सरकला आणि लाल झाला.

काळा फोन वाजला. घड्याळ स्वतः. ही कोणाची अक्कल म्हणून ओरडला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"हे बघ, डब्यात एका म्हाताऱ्याला धाप लागलीय. बायको रडतेय त्याची. सोडा गाडी."

फलकापर्यंत चार पावलं होती. लंबूला नुसतं म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "साहेब, आधी एक्स्प्रेस."

मी कोण हे त्याने विचारलं आणि मी सांगितलं. गेल्या उन्हाळ्यातली ती बाळंतीण, तिची धाकटी बहीण. तो काही बोलणार होता, पण फोनपासून तोंड वळवून शेजारी कोणालातरी म्हणाला, कोण तुम्ही, बाई? उन्हात का उभ्या? मग फोन नुसता शेकत राहिला. मग ती.

"कोणी थांबवली?"

मी म्हटलं, फोन ज्याच्या हातात आहे त्याने.

२२ एप्रिल

खांबाला टेकून उभ्याउभ्याच गेला. फोन मुठीतून सुटेना, वायर कापून मग पुन्हा जोडावी लागली. त्याला खाली आडवा करताना कातडीचा कागदासारखा आवाज झाला, असं ड्रायव्हर सांगत होता. टेबलावरची ढाल कोणीतरी कपाटात टाकली.

मी हसेन असं वाटलं होतं. हसले थोडी.

तो म्हातारा गाडीतच गेला. गाडी वेळेत पोचती तर वाचला असता, असं हॉस्पिटलवाले म्हणाले म्हणे.

गाडीपुढे कारण लिहायचं होतं. लंबू माझ्याकडे बघत होता. लिहिलं, सिग्नलमध्ये बिघाड.

जेवण गेलं नाही.

२४ एप्रिल

म्हाताऱ्याची बायको ऑफिसात आली. एकटीच. हातात नवऱ्याची औषधांची पिशवी अजून तशीच. कोणी खुर्ची देईना म्हणून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. भांडली नाही. तिला पैसे नकोत, काही नको. म्हणाली, घरी सगळे विचारतात, काय सांगू ते कळत नाही.

"गाडी का थांबली होती हो?"

मी म्हटलं, सिग्नल बिघडला होता, आजी.

तिने मान डोलावली. म्हणाली, मग काय, कोणाला बोल लावणार. माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

काकू पलीकडून माझ्याकडे बघत होत्या. लंबूने त्यांना सांगितलं असेल. सांगितलंच असेल.

गालाला धग आहे.

२५ एप्रिल

काळा फोन वाजला. खिंडीत गाडीच नव्हती. फलकावर दिवा नाही, काही नाही, तरी वाजला. लंबूला ऐकू आला नाही. वाजतच राहिला.

आवाज तोच, पण कोरडा. ओळख नसल्यासारखा.

"म्हाताऱ्याची गाडी कोणी थांबवली?"

मी म्हटलं, ताई, मी आहे. तिने तेच विचारलं. मी म्हटलं, ताई, तुझ्यासाठीच सगळं— तिने तेच विचारलं.

मी म्हटलं, काकूंनी.

काकू आज रजेवर आहेत. घरी एकट्याच आहेत.

मी उठले नाही. टेबलाशी बसून राहिले. आत्ता लिहितेय, अजून ऑफिसातच आहे. घरी जायचं धाडस—

२५ एप्रिल, संध्याकाळ

काकू जिवंत आहेत.

पायरीवर बसल्या होत्या. कपाळावरचे केस जळून गेलेत, ओठांना चिरा पडल्यात. मला पाहून उठल्या नाहीत. शांतपणे सांगितलं. दुपारी स्वयंपाकघरात ती उभी होती, दार बंद असताना. म्हाताऱ्याची गाडी तूच थांबवलीस ना म्हणाली.

"मी म्हटलं, बाई, ती गाडी मी नाही थांबवली. पण तुझ्या वेळेला खोटं लिहिलं ते मी. तुझ्या नवऱ्याच्या माथी मारलं. घड्याळाने सांगितलं आणि मी लिहिलं. खाली बसले तिच्यापुढे. पाणी दिलं. घटाघट प्यायली, पोरी, किती प्यायली."

मग ती निघाली. जाता जाता एवढंच म्हणाली की तुझं नाव माझ्या बहिणीने दिलं.

काकू उद्या वर अर्ज करणार आहेत, साखळीचं कारण खोटं होतं म्हणून. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणतात. भाऊजी खटल्यातून सुटतील. मला खोली सोड म्हणाल्या नाहीत. त्याहून वाईट बोलल्या.

"तूही सांग तिला खरं. खरं सांगितलं की जाते ती."

२६ एप्रिल

दिवसभर काळ्या फोनपाशी बसले. सांगणार होते. तोंडात शब्द तयार होते.

वाजला नाही. उचलून पाहिला तर मुका. दोन माणसं दगावली म्हणून खांबावरचा फोनच काढून टाकलाय.

काकूंचा अर्ज गेला. लंबूलाही विचारणार आहेत. तो म्हणेल, हिने सांगितलं. का नाही म्हणणार?

खोलीतला जग भरून ठेवते, वळून बघते तर कोरडा.

उद्या निघते. घरी. एक्स्प्रेसने. ती खिंडीत थांबत नाही. ती कुठेच थांबत नाही.

२७ एप्रिल

एक्स्प्रेसमध्ये आहे. काकू स्टेशनवर आल्या होत्या. बाटलीभर पाणी दिलं. खिंड आली की डोळे मिटून घेईन. वेग चांगला आहे. समोर एक बाई आहे, मांडीवर मूल—

कमी होतोय वेग.

थांबली.

खिंड आहे. भर दुपार. बाजूची लाइन. आम्ही बाजूच्या लाइनीवर आहोत! एक्स्प्रेस कोणी बाजूला घेतली? गार्ड पळत गेला, त्याला काही माहीत नाही. मोबाइल लागत नाही. कोणी म्हणतं सिग्नल. कोणी म्हणतं गुरं. कोणी म्हणतं इंजिन. सगळ्यांना कारण हवंय.

बाटली रिकामी आहे. मी प्यायले नाही, तरी—

पुढच्या डब्यातून येतेय. ऐकू येतंय. एकेका खिडकीपाशी थांबते. गाडी का थांबलीय? लोक साधेपणाने उत्तर देतात. माहीत नाही, बाई. पुढची खिडकी. माहीत नाही. आमच्या डब्यात आली. काचा गरम झाल्या, मूल रडतंय. घाबरायचं नाही. खरं सांगायचं. सांगितलं की जाते. मी सांगणार आहे. लिहूनच ठेवते, म्हणजे तोंडातून नाही निघालं तर दाखवेन—

समोरच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही.

माझ्याकडे बघतेय. ओठ नाहीत तिला. बघतेय नुसती. विचारत नाही.

मला विचारतच नाही. मला—

ताई, विचार ना. सगळ्यांना विचारलंस. खरं सांगते, शपथ, त्या म्हाताऱ्याची गाडी मी—